आतड्यांचा इतिहास आणि आपलं ताट

मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसलं की शुगर, बीपी आणि गुडघे यांच्याबद्दल आपण मोकळेपणानं बोलतो. पण दिवसातून आठ-दहा वेळा संडासला धावावं लागतं, रक्त पडतं, घराबाहेर पडण्याआधी वाटेतली टॉयलेटं मोजावी लागतात, हे त्या पंगतीत कोणी सांगत नाही. 'जरा पोट बरं नाही' एवढ्यावर विषय संपतो. मग हा आजार तुमच्या घरात आला की वाटतं, हे आपल्याच वाट्याला कसं आलं? आपण तर घरचं वरणभात-पोळीभाजी खाणारी माणसं.

या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यातला बराचसा आपल्या भागात किंवा आपल्यासारख्या स्थलांतरितांमध्ये घडला आहे. तो ठाऊक असला तर स्वयंपाकघरातले निर्णय थोडे सोपे होतात, म्हणून हा लेख.

आधी नाव स्पष्ट करू. आयबीडी म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज येणारे विकार. त्यात मुख्य दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. क्रोन्स डिसीजमध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, आतड्याच्या पूर्ण जाडीत सूज येऊ शकते. लहान आतड्याचं शेवटचं टोक ही तिची आवडती जागा. आयबीएस हा वेगळा त्रास आहे. त्यात पोट दुखतं, बिघडतं, पण आतड्याला इजा होत नाही. आपल्याकडे दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि तिथूनच चुकीचे सल्ले सुरू होतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या वैद्यकीय नोंदींची सुरुवात लंडनमधल्या एका खुनाच्या खटल्यानं झाली. १८५९ साली इझाबेला बँक्स ही स्त्री अनेक दिवसांच्या जुलाबांनंतर वारली. तिच्यासोबत राहणाऱ्या डॉ. थॉमस स्मेथर्स्टवर विषप्रयोगाचा आरोप आला आणि त्याला फाशीची शिक्षाही झाली. गाय्ज हॉस्पिटलचे सॅम्युएल विल्क्स यांनी तिचं आतडं तपासलं आणि त्यातल्या सुजेचं व व्रणांचं वर्णन लिहून ठेवलं. ज्या आर्सेनिकवरून आरोप झाला ते तपासणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतून आलं होतं, हे पुढे उघड झालं. स्मेथर्स्टची फाशी टळली (दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यासाठी मात्र तो तुरुंगात गेला). म्हणजे या आजाराच्या अगदी पहिल्या गाजलेल्या प्रकरणातच संशय आला तो कोणीतरी काहीतरी खाऊ घातल्याचा. आजही घरोघरी पहिला प्रश्न तोच असतो: 'काय खाल्लं होतंस?'

दुसऱ्या आजाराचं नाव १९३२ मध्ये ठरलं. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलमधले बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांचं वर्णन छापलं. लेखकांची नावं वर्णानुक्रमे लावल्यामुळे क्रोन पहिले आले आणि आजाराला त्यांचं नाव चिकटलं. ग्लासगोच्या केनेडी डॅल्झील यांनी तसेच रुग्ण १९१३ मध्येच नोंदवले होते, पण त्यांचं नाव मागे पडलं.

आता निलगिरीतल्या कुन्नूरला येऊ. रॉबर्ट मॅकॅरिसन हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर तिथे आहारावर संशोधन करत होते. १९१९च्या सुमारास त्यांनी माकडांना जीवनसत्त्वं नसलेलं निकृष्ट अन्न देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या आतड्यांना सूज आलेली आढळली. पुढे त्यांनी उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे आहार दिले. सर्वांत निरोगी राहिले ते शिखांच्या आहारावरचे उंदीर: कणकेची रोटी, दूध, लोणी, डाळ, ताज्या भाज्या आणि अधूनमधून मांस. असे हजाराहून अधिक उंदीर त्यांनी पाळले. याउलट गरीब ब्रिटिश कुटुंबाच्या आहारावर, म्हणजे पांढरा ब्रेड, मार्गरिन, गोड चहा, डब्यातलं मांस आणि जॅम यांवर ठेवलेले उंदीर खंगले. त्यांच्यात पोटाचे आणि फुप्फुसांचे आजार वाढले. मॅकॅरिसनची ही कुन्नूरची संस्था पुढे हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

या प्रयोगांनी एक समजूत पक्की केली: आतड्यांचे हे आजार पाश्चात्त्य जेवणातून येतात आणि भारतीय ताट त्यांच्यापासून वाचवतं. युगांडात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी १९७०च्या दशकात चोथ्याचं, म्हणजे फायबरचं महत्त्व सांगितलं, तेव्हा तिला आणखी बळ आलं. भारतातल्या डॉक्टरांनाही हे रुग्ण क्वचितच दिसत होते. त्याचं एक कारण असं की रक्त पडलं की आव समजून अमीबाचं औषध दिलं जाई. लहान आतड्याच्या टोकाला सूज दिसली की क्षयाचं औषध सुरू होई. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स एकाच जागी होतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीही पुष्कळसे सारखे दिसतात, त्यामुळे हा गोंधळ आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

ती समजूत हादरली ती इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यांतले सुमारे २८,००० जण ब्रिटनला आले. लेस्टरच्या नगरपालिकेनं 'आमच्याकडे येऊ नका' अशी जाहिरात युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली होती, तरी पुष्कळ जण तिथेच स्थिरावले. बहुतेक गुजराती, काही पंजाबी. त्यांची घरं, दुकानं, जेवण भारतीयच राहिलं. तिथल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकातल्या रुग्णांच्या नोंदी काढल्या आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. लेस्टरमधल्या हिंदू आणि शीख लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण युरोपीय वंशाच्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. क्रोन्स मात्र त्यांच्यात तेव्हा कमी होता.

ज्यांच्या ताटावर मॅकॅरिसनचे उंदीर सर्वांत निरोगी राहिले, त्याच शिखांमध्ये हा आजार ठळकपणे दिसावा याला काय म्हणावं? स्थलांतरानं सगळं बदललं, असं म्हणता येईल. पण लुधियानाच्या अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबातच ५१,९१० लोकांची पाहणी केली. २००३ मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालात अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण दर लाखात सुमारे ४४ होतं. आजार मायदेशातही होता. कोणी नीट शोधला नव्हता, आणि राहणी बदलत गेली तसा तो वाढतही होता.

कॅनडातून आलेलं उत्तर आपल्यापैकी अनेकांना थेट लागू पडतं. ओंटारिओच्या आरोग्यनोंदींवरून २०१५ मध्ये असं दिसलं की स्थलांतर करून आलेल्या पिढीत आयबीडी कमी असतो आणि जितक्या मोठ्या वयात माणूस येतो तितका धोका कमी. पण दक्षिण आशियाई आईवडिलांच्या, कॅनडात जन्मलेल्या मुलांत तो तिथल्या इतर मुलांइतकाच असतो. मग बालपणात काय बदलतं? अन्न, स्वच्छता, प्रतिजैविकं, हवा, आतड्यांतले जिवाणू: संशयित पुष्कळ आहेत, त्यांत जनुकांचाही वाटा आहे. एकच गुन्हेगार सापडलेला नाही. म्हणून तुमच्या मुलीला कॉलेजच्या पहिल्या वर्षी हा आजार निघाला, तर 'डॉर्मवर पिझ्झा खाल्लास म्हणून' असं तिला सांगू नका. गावाकडून फोनवर 'तुम्ही तिला तिकडचं खाऊ घातलंत' असं कोणी म्हणालं, तर तेही मनाला लावून घेऊ नका.

आता उपचारांकडे वळू. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीसाठी बनवून घेतलेलं सल्फासलाझिन हे औषध कोलायटिसवरही चाललं. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिझोनचा उपयोग नियंत्रित चाचणीनं दाखवला. स्टिरॉइड येण्यापूर्वी या आजाराच्या जोरदार झटक्यात पुष्कळ रुग्ण दगावत. सल्फासलाझिनचा नेमका कोणता भाग काम करतो, हे १९७७ मध्ये शोधून काढणाऱ्यांत पहिलं नाव आहे आझाद खान यांचं. बांगलादेशातून ऑक्सफर्डला आलेल्या या डॉक्टरांनी औषधाचे दोन तुकडे वेगळे करून रुग्णांना एनिमातून दिले आणि त्यातला ५-एएसए हा भाग गुणकारी असल्याचं दाखवलं. आज मेसालामिन किंवा मेसालाझिन या नावानं लाखो लोक घेतात ते हेच. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅबला मान्यता मिळाली आणि बायोलॉजिक औषधांचं युग सुरू झालं.

इथे आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. या औषधांनी शरीरात दबून बसलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. तुम्ही भारतात वाढला असाल, घरात कोणाला क्षय झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी चकवू शकते, तेही सांगा.

आहाराच्या उपचारांचा इतिहासही जुना आहे. १९६१ मध्ये ट्रुलव्ह यांनीच असे काही रुग्ण नोंदवले, ज्यांचा कोलायटिस दूध बंद केल्यावर शांत झाला आणि दूध सुरू केल्यावर उसळला. पण पुढच्या चाचणीत हा फायदा थोड्यांनाच झाला. १९८४ मध्ये हॅरोच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी दाखवलं की क्रोन्स उसळलेला असताना काही आठवडे फक्त पूर्वपाचित द्रव आहार दिला, तर तो स्टिरॉइडच्या तोडीचं काम करू शकतो. मुलांच्या क्रोन्समध्ये द्रव आहाराचा हा उपचार आजही करतात. तेव्हा 'जेवणाचा काही संबंध नाही' हे म्हणणंही बरोबर नाही.

मग नावाजलेले आहार आले. एलेन गॉटशॉल यांनी प्रसिद्ध केलेला स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर सगळं बंद करतो. मराठी ताटातून एवढं काढल्यावर उरतं काय? अमेरिकेत त्याची मेडिटेरेनियन आहाराशी तुलना झाली. २०२१ मध्ये छापलेल्या निकालात सहा आठवड्यांनी सौम्य ते मध्यम क्रोन्सच्या रुग्णांपैकी दोन्ही गटांत ४५ टक्क्यांच्या आसपास लोकांची लक्षणं शांत झाली होती. इतका कडक आहार पाळून जास्त काही हाती लागलं नाही. इस्रायलमधल्या होलोन इथे अरी लेव्हिन यांनी क्रोन्ससाठी खास आहार तयार केला. २०१९ मध्ये त्याची मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात भात, बटाटा, केळं, अंडी, चिकन चालतं. सुरुवातीला गहू, दूध आणि कारखान्यात तयार झालेलं अन्न बंद. सोबत काही द्रव आहारही असतो. शाकाहारी घरात तो आहारतज्ज्ञाच्या मदतीशिवाय निभणं कठीण आहे. आणि मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेला लो-फॉडमॅप आहार आजार शांत असूनही उरणाऱ्या गॅस-फुगाऱ्यावर उपयोगी पडतो. सूज मात्र त्यानं कमी होत नाही.

या सगळ्यात आपलं स्वयंपाकघर कुठे बसतं? परदेशी दवाखान्यात मिळणाऱ्या कागदावर 'पांढरा ब्रेड, मॅश्ड पोटॅटो, मसालेदार नको, बीन्स नको' असं लिहिलेलं असतं. तो वाचून माणूस घरच्या ताटावरून उठतो आणि एकटाच टोस्ट खात बसतो. याची गरज नसते. त्या कागदाचा मराठी अनुवाद आपल्या आजीला पाठ होता: पेज, गुरगुट्या भात, पातळ मुगाचं वरण, ताक. आयुर्वेदात वमन-विरेचनानंतर पेया, मग विलेपी, मग मुगाचं कढण, मग मांसरस असा चढता क्रम सांगितलेला आहे. त्या ग्रंथांतली 'ग्रहणी' म्हणजेच आजचा आयबीडी, असं मानू नये. पण दमलेल्या आतड्याला पातळापासून घट्टाकडे न्यायचं, हा विचार आजही पटण्यासारखा आहे.

आजार उसळलेला असताना मऊ भात, सालीशिवायच्या मूग किंवा मसूर डाळीचं वरण, सोलून बिया काढलेला दुधी आणि लाल भोपळा, उकडलेला बटाटा, अंडं, काटे काढलेला मासा, पिकलेलं केळं, हे बहुतेकांना सोसतं. फोडणीला जिरं, हळद, हिंग असू द्या. तिखट, शेंगदाणे, खोबऱ्याचा चव आणि कच्ची कोशिंबीर बाजूला ठेवा. कांदा-लसूण सोसत नसेल तर लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाका. त्रास देणारी साखर तेलात उतरत नाही, स्वाद मात्र उतरतो. क्रोन्समुळे आतडं अरुंद झालं असेल तर शेवग्याची शेंग, मका, सालीसकट मटकी-हरभरे, संत्र्याच्या फोडींची सालं ही खरोखर अडकू शकतात. तिथे डॉक्टरांना विचारूनच चाला. आजार शांत झाला की भाज्या, डाळी, भाकरी एकेक करून परत आणा. भीतीपोटी वर्षानुवर्षं भात-बटाट्यावर राहणारे लोक अशक्त होतात. या काळात प्रथिनांची गरज वाढलेली असते, म्हणून चतुर्थी-एकादशीचे उपास थोडे बाजूला राहिले तर देव रागावणार नाही.

आता आपल्या तीन लाडक्या वस्तू. हळद: २००६ मध्ये जपानमधल्या ८९ रुग्णांच्या चाचणीत औषधासोबत रोज २ ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्यांत कोलायटिस कमी वेळा उसळला. पण हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के असतं. २ ग्रॅम मिळवायला रोज ६०-७० ग्रॅम, म्हणजे वीसेक चमचे हळद खावी लागेल. हळदीच्या दुधानं तेवढं होणार नाही, आणि दूध सोसत नसेल तर उलटंच व्हायचं. इसबगोल: १९९९च्या स्पेनमधल्या एका चाचणीत त्याच्या बिया कोलायटिस शांत ठेवण्यात मेसालामिनच्या जवळपास पोचल्या. तो शांत काळात, भरपूर पाण्यासोबत. अरुंद आतड्यात मात्र नको. तूप: त्यात ब्युटिरिक आम्ल आहे आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावर जगतात, हे खरं. पण तुपातलं ते आम्ल वरच्या आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला लागणारं आम्ल तिथले जिवाणू चोथ्यापासून बनवतात. तूप चवीसाठी खा.

शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात शोषलं जातं आणि क्रोन्सची आवडती जागा तीच. आपल्या आहारात ते आधीच कमी, शिवाय उत्तरेकडच्या देशांत ऊन कमी आणि आपली त्वचा सावळी, त्यामुळे ड जीवनसत्त्वही कमी. बी-१२, ड, लोह आणि फोलेट यांची तपासणी नियमित करून घ्या. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही. तो तासभर पुढे ढकला.

गावाकडून येणाऱ्या पुड्यांबद्दलही लिहायला हवं. २००४ मध्ये बोस्टनच्या देशी दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पाठवणाऱ्याचं प्रेम खरं असतं, पण पुडीत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. पुडी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि तिच्या भरवशावर चालू औषध थांबवू नका. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणं हे आजार पुन्हा उसळण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. बाहेरून शांत दिसणाऱ्या आतड्यात सूज चालू राहू शकते आणि वर्षानुवर्षांच्या सुजेनं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. कोलोनोस्कोपीच्या तारखा पाळायच्या त्या यासाठी.

शंभर वर्षांत या आजाराबद्दल आधी म्हटलं गेलं की तो आपला नाही, मग म्हटलं गेलं की तो जेवणातून येतो आणि जेवणानंच जाईल. लेस्टर, लुधियाना आणि ओंटारिओ यांनी मिळून हे दावे खोडून काढले. तुमच्या घरात हा आजार असेल, तर पुढच्या पंगतीत त्या व्यक्तीसाठी एका वाटीत बिनतिखटाचं वरण आणि मऊ भात आधीच वाढून ठेवा. 'एवढंच का खातेस?' असं विचारू नका. आणि जमलं तर मंडळात कोणापाशी तरी आजाराचं नाव घ्या. समोरचा माणूस कदाचित हलक्या आवाजात सांगेल की त्याच्याही घरात तो आहे.